आजी कुठे गेली? : क्रेगीबर्न ते केडगाव

गेल्या ईस्टरच्या सुट्टीनंतरची गोष्ट. संध्याकाळी शहरातून येणाऱ्या गाडीने क्रेगीबर्न स्टेशनवर उतरून घरी पोचलो. पायातले बूट काढतो न काढतो तोच आमच्या दहा वर्षांच्या कन्येने प्रश्न टाकला, "बाबा, आजीचा बाप्तिस्मा झाला होता का रे?"

"नाही गं. आपल्यात नसतो तो."

"मग ती हेवनमध्ये कशी गेली असेल?"

आपल्यातल्या बऱ्याच मंडळींप्रमाणे आम्हीही मुलीला जवळच्या कॅथलिक प्राथमिक शाळेत घातलं आहे. शाळा चांगली, शिस्त चांगली, शिक्षिका प्रेमळ. वर्गात त्या आठवड्यात पाप, बाप्तिस्मा आणि चिरंतन जीवन हे विषय चालले होते. मुलीने ऐकलं, दोन अधिक दोन केले आणि बेरीज घेऊन ती माझ्याकडे आली.

मी आपलं नेहमीचं उत्तर दिलं. "अगं, आजीने खूप पुण्य केलं होतं."

"पुण्य म्हणजे?"

"म्हणजे... चांगली कामं केली की देवाकडे जमा होतं ते."

"फ्लायबाइजच्या पॉइंट्ससारखं?"

स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मीही हसलो, पण रात्री झोप काही लागेना. माझी आई मे २०२१ मध्ये पुण्यात गेली. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. आईचे अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिले, आणि मध्येच चित्र गोठलं तेव्हा पडदा पुसत बसलो. ती गेली कुठे, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. तो माझ्या मुलीने विचारला, तोही दुसऱ्या धर्माच्या शब्दांत.

शनिवारी आप्पांना पुण्याला फोन केला. आप्पा म्हणजे माझे वडील, रेल्वेतून निवृत्त, वाचनाचा नाद. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, दौंडला मामाकडे जाताना आपली गाडी केडगावला थांबायची, आठवतं? तुझी आई दर वेळी खिडकीतून दाखवायची, इथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे म्हणून. ती बाई या प्रश्नातून स्वतः गेलेली आहे. तिचं वाच."

मी वाचलं. वाचता वाचता एक गोष्ट अशी सापडली की या कथेचा एक धागा आपल्या मेलबर्नमधून जातो. म्हणून हा लेख. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. बँकांच्या संगणक-प्रणाली नीट चालतात की नाही हे बघणं हे माझं पोटाचं काम. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

शब्द आपले, अर्थ त्यांचे

सुरुवात शब्दांपासून करू, कारण माझी पहिली फजिती तिथेच झाली. 'पाप' आणि 'पुण्य' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चित्रगुप्ताची वही येते. जमा आणि नावे, आणि शेवटी शिल्लक. 'पवित्र' म्हटलं की सोवळं येतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन ज्यांनी वाचलं आहे त्यांना ते विसरता येणार नाही. सत्तावन्नच्या बंडानंतर सासरे फासावर गेले आणि या गृहस्थांना सोवळ्याने झपाटलं. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! मीठ धुतल्यावर उरणार काय, हे सांगायला नकोच.

ख्रिस्ती शिकवणीत हे दोन्ही शब्द वेगळ्या वाटेने आलेले आहेत. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत पापाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'नेम चुकणे'. हिब्रूत पवित्र या अर्थाचा जो शब्द आहे त्याचा अर्थ 'वेगळा काढून ठेवलेला', देवासाठी राखून ठेवलेला. म्हणजे पाप हे वहीतल्या एका नोंदीपुरतं नाही. माणसाचं तोंडच भलत्या दिशेला झालेलं असणं, ते पाप. आणि पावित्र्य हे न शिवण्यात नाही, कोणाचं तरी होऊन राहण्यात आहे. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तर हिशेबाची भाषा मुद्दाम वापरून मोडली आहे. पापाच्या बाजूला तो 'वेतन' हा शब्द ठेवतो आणि मरण हे ते वेतन म्हणून सांगतो. समोरच्या बाजूला सार्वकालिक जीवन आहे, पण ते वेतन नव्हे, देणगी. कमावता येत नाही, घ्यावी लागते. मात्र त्याच नव्या करारात पावित्र्याशिवाय कोणालाही देव दिसणार नाही, असंही बजावलं आहे. फुकट मिळतं म्हणावं तर अट आहे, आणि अट आहे म्हणावं तर फुकट आहे. या दोन टोकांमध्ये ख्रिस्ती विचार दोन हजार वर्षं हेलकावे खातो आहे.

हा गुंता मराठीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणला तो फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरला आणि चाळीस वर्षं तिथेच राहून १६१९ मध्ये तिथेच वारला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी त्याला म्हटलं की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या. त्यातून सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' झालं. ते १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज शिल्लक नाही. या पुराणात स्वर्गाला शब्द आहे तो 'वैकुंठ'! दुसरा कुठला शब्द तो वापरणार? ऐकणाऱ्यांच्या मनात चिरंतन सुखाची तीच एक जागा होती. नंतरच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी 'स्वर्ग', 'तारण', 'सार्वकालिक जीवन' असे शब्द रूढ केले. पण पाप, पुण्य आणि पवित्र हे शब्द आपलेच राहिले, जुन्या अर्थांचं ओझं घेऊन.

ते ओझं डोक्यावर घेऊन एक बाई चालत होती.

पुराणिकाची मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल समाजाचा रोष पत्करलेले. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते निघालंच. क्षेत्राच्या ठिकाणी बसायचं, पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर राहायचं. पवित्र नद्यांत स्नान केलं, पुराण ऐकलं आणि ऐकवलं, म्हणजे पाप धुतलं जातं ही त्या घराची श्रद्धा आणि तीच उपजीविका.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. मजुरी करणं ब्राह्मणपणाला शोभणारं नाही, म्हणून या लोकांनी जवळ होतं नव्हतं ते दानधर्मात, व्रतांत, अनुष्ठानांत घातलं. देव प्रसन्न होईल आणि परत देईल या भरवशावर. पैसे संपले, भांडी गेली, कपडे गेले. शेवटी रानातला पाला आणि रानखजूर खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. आंधळ्या झालेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करीन. पण उशीर झाला होता. वडील गेले, आणि थोड्याच दिवसांत आई गेली. आईला न्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. श्रीनिवास तिसरा आणि चौथी सोळा वर्षांची रमा. उंची कमी, खांद्यावर तिरडी पेलेना, म्हणून तिने आपला कोपरा डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैलांवर होतं.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. फोनचा पडदा पुसणारा माझा हात मला आठवला.

या ठिकाणी त्या कुटुंबाच्या वहीचा विचार करा. जमेच्या बाजूला शेकडो तीर्थं, हजारो श्लोक, दान, उपास. आणि शिल्लक? ज्या देवाकडे ठेव ठेवली त्याने ती ओळखलीच नाही. रमाबाईंचा जुन्या श्रद्धेवरचा विश्वास उडाला तो मिशनऱ्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. तो त्या तीन मैलांत उडाला.

फुलहॅमचं घर

पुढचा भाग आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदं, १८८० चा आंतरजातीय विवाह, १८८२ मध्ये आलेलं वैधव्य, कडेवर मनोरमा, पुण्यात आर्य महिला समाज आणि हंटर कमिशनपुढची साक्ष. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला वॉन्टेज इथल्या अँग्लिकन जोगिणींकडे राहत असताना मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पण हे घडलं कशामुळे? १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात की जोगिणींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला एक घर दाखवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या. सिस्टर त्यांच्याशी प्रेमाने वागत, त्यांना कामाला लावत, आणि त्यांतल्या काहीजणी पालटून आता दुसऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंना हे नवल वाटलं. आपल्या शास्त्रांत अशा स्त्रीला प्रायश्चित्त नाही, घर नाही, दया नाही, हे त्यांनी तोंडपाठ केलं होतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

गोष्ट छोटी आहे. भर दुपारी विहिरीवर एकटी पाण्याला आलेली बाई. पाच नवरे झालेले, सहावा नवरा नव्हे. जातीनेही यहुदी लोकांना न चालणारी. तिच्याकडे येशू पाणी मागतो आणि म्हणतो की मी देतो ते पाणी पिणाऱ्याच्या आत झरा होईल, सार्वकालिक जीवनापर्यंत वाहणारा. आपल्याकडच्या वाचकाला यातली गंमत चटकन कळावी. विटाळ, पाणी, भांडं, जात सगळं यात आहे. फक्त उलटं आहे. सोवळ्यात विटाळ पसरतो, म्हणून पवित्र माणसाने दूर राहायचं. इथे पावित्र्य पसरतं, म्हणून पवित्र माणूस जवळ जातो.

पण रमाबाई काही मुकाट्याने मान डोलावणाऱ्या नव्हत्या. वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डाइन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार म्हणजे एक भांडणच आहे. त्र्यैक्याचा सिद्धांत मला पटल्याशिवाय मी म्हणणार नाही. धर्मगुरू सांगतो म्हणून प्रत्येक शब्द मानणार नाही. एक गुलामगिरी मागे टाकून दुसरी गळ्यात बांधून घेणार नाही. अंडं घातलेलं पुडिंग खाणार नाही. क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्येच का, संस्कृतमध्ये का नकोत? सिस्टरना यात जुना जात्यभिमान दिसला. मला यात स्वाभिमान जास्त दिसतो, पण सिस्टर अगदीच चुकत होत्या असंही म्हणवत नाही. मीठ धुणाऱ्यांच्या जगातून आलेल्या माणसाचं सोवळं एका दिवसात सुटत नाही.

आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम नावाच्या एका पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा पाद्री वर्षानुवर्षं धर्माचं काम करत होता आणि मग एकदा त्याच्या लक्षात आलं की आपण स्वतः अजून पालटलेलोच नाही. रमाबाई लिहितात त्याचा आशय असा, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे नव्या धर्मातही त्यांनी जुनीच वही उघडली होती. फक्त व्रतांच्या जागी सेवा आणि स्नानाच्या जागी बाप्तिस्मा. ती वही त्यांनी त्या वर्षी मिटली.

मुक्ती आणि कृपा

या सगळ्याचा सामाजिक परिणाम सुखाचा नव्हता, हे सांगायला हवं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. तिथे विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ मध्ये वाद पेटला. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील या समजुतीने त्यांनी साथ दिली होती. त्यांचं दुःखही खरं होतं. रमाबाईंच्या बाजूने पाहिलं तर, ज्यामुळे आपण वाचलो असं वाटतं ते दार बंद करून बसणं त्यांना जमणारं नव्हतं. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं होती. म्हणूनच ती जखम इतकी खोल गेली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. आपल्या लहानपणीचा दुष्काळ ज्यांच्या डोळ्यांत होता त्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला घेतलेल्या जमिनीवर वस्ती उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ती संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. वस्तीचं नाव मुक्ती. आणि पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी जे वेगळं घर काढलं, त्याचं नाव कृपासदन. फुलहॅमचं घर केडगावला आलं होतं.

'कृपा' हे नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या बायकांच्या जमेच्या बाजूला कोणीच काही मांडू देत नव्हतं, त्यांच्या दारावर 'पुण्य' हा शब्द लिहून उपयोग नव्हता.

मेलबर्नचा धागा

आता आपल्या गावाकडे येऊ. १९०२ साली मेलबर्नमधल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एकत्र येऊन शहरभर एकाच वेळी धर्मसभा भरवल्या. मुख्य वक्ता अमेरिकेचा आर. ए. टॉरी, गायक चार्ल्स अलेक्झांडर. टाउन हॉल पुरेना, म्हणून सभा कार्लटनच्या एक्झिबिशन बिल्डिंगमध्ये गेल्या. मास्टर्स करताना मी ज्या इमारतीत, त्या उंच घुमटाखाली, घामाघूम होऊन परीक्षा दिल्या तीच ही इमारत! आपलं क्रेगीबर्न तेव्हा सिडनीच्या वाटेवरचं लहानसं खेडं होतं. रेल्वे स्टेशन मात्र १८७२ पासून होतं. या सभांपेक्षाही जास्त चर्चा झाली ती त्यांच्या तयारीची. शहरभर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घरोघरी जमून प्रार्थनेचे शेकडो लहान गट चालवले होते.

ही बातमी केडगावला पोचली आणि १९०३ च्या सुमारास रमाबाईंनी मनोरमेला ऑस्ट्रेलियाला पाठवलं. सोबत मिनी एब्रम्स ही अमेरिकन मिशनरी होती. तिकडे काय झालं ते बघून या, एवढंच काम. मनोरमा तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची. आपण सगळे इथे आलो ते शिकायला, कमवायला, पीआर घ्यायला. आपल्या आधी शंभराहून अधिक वर्षं एक मराठी मुलगी इथे आली होती ती फक्त एवढं बघायला, की माणसं पालटतात ती कशी. हे कळल्यावर मला आपल्या शहराबद्दल उगाचच आपलेपणा वाटला.

घरोघरच्या गटांची ती कल्पना केडगावला रुजली. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी सत्तर जणींना घेऊन रोज सकाळी प्रार्थना सुरू केली. जूनपर्यंत पाचशेहून अधिक जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. २९ जूनच्या रात्री एका मुलीला आपण आगीने वेढलो आहोत असं वाटलं. दुसरी बादलीभर पाणी घेऊन धावली, तर आग कुठेच नाही. दुसऱ्या दिवसापासून सबंध मुक्तीत रडणं, ओरडणं आणि मोठ्याने पापं कबूल करणं सुरू झालं. शिकवणं थांबलं, कामं थांबली. एब्रम्सबाईंनी पुढच्या वर्षी त्यावर लिहिलेली पुस्तिका जगभर गेली. आजच्या पेंटेकोस्टल पंथाच्या इतिहासात केडगावचं नाव अगदी पहिल्या ठिकाणांत घेतात.

माझ्यासारख्या यंत्राच्या माणसाला हे वाचताना अवघडल्यासारखं होतं. सामूहिक मानसशास्त्र वगैरे शब्द आठवतात. पण मग मी विचार केला, या मुली होत्या कोण? दुष्काळातून उचलून आणलेल्या, कित्येक बालविधवा. त्यांना कळायला लागल्यापासून एकच सांगितलं गेलं होतं, की तुझा नवरा मेला तो तुझ्या मागच्या जन्मीच्या पापामुळे. हे पाप त्यांनी केल्याचं त्यांना आठवत नव्हतं, ते कबूल करता येत नव्हतं आणि फेडून संपतही नव्हतं. आता कोणीतरी त्यांना सांगत होतं की ते पाप तुझं नव्हेच. तुझं पाप म्हणजे तू काल बोललेलं खोटं, मनात धरलेला आकस. ते तू नावानिशी सांगू शकतेस, आणि सांगितलंस की ते उरत नाही. आपल्याला वाटतं ख्रिस्ती धर्माने माणसाला पापी म्हणून खाली पाडलं. केडगावच्या त्या मुलींसाठी 'पापी' हा शब्द आधीच्या शब्दापेक्षा हलका होता. त्या रडल्या त्यात सुटकेचं रडणंही असलं पाहिजे.

असं काही आपल्या परंपरेत नाहीच, असं मात्र समजू नये. आपल्या संतांनी पुण्याच्या गाठोड्यावर किती टीका केली आहे आणि स्वतःला पतित म्हणवून घेत किती आर्ततेने कृपा मागितली आहे, हे वारकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापर्यंत आलो, असं म्हणत. पूल आपल्या बाजूला बांधलेला होताच.

अनंतशास्त्री कुठे गेले?

पण माझ्या मुलीचा प्रश्न अजून बाकी होता. रमाबाईंचाही तो असणारच. कारण त्या ज्या कडव्या निष्ठेने ख्रिस्ताशिवाय तारण नाही असं मानू लागल्या होत्या, त्या हिशेबाने अनंतशास्त्री आणि आई लक्ष्मीबाई यांचं काय?

१९०७ च्या त्या आत्मकथनात वडिलांच्या शेवटच्या दिवसांचं वर्णन आहे. आंधळ्या वडिलांनी मुलीला जवळ घेतलं, आपलं तिच्यावर किती प्रेम आहे ते सांगितलं, आणि नीतीने वाग, जन्मभर देवाची सेवा कर, असं सांगितलं. त्यापुढे रमाबाई जे लिहितात त्याचा आशय असा, की माझ्या वडिलांना खरा देव माहीत नव्हता. पण जो त्यांना अज्ञात होता त्याच देवाची सेवा त्यांनी सर्व मनाने आणि सर्व शक्तीने केली.

यातला 'अज्ञात देव' हा शब्द साधा नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पौल अथेन्सला जातो तेव्हा त्याला एक वेदी दिसते, तिच्यावर 'अज्ञात देवाला' असं कोरलेलं. तुम्ही ज्याला न ओळखता भजता तोच मी तुम्हाला सांगायला आलो आहे, अशी तो सुरुवात करतो. बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर करणाऱ्या रमाबाईंना ही जागा ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. वडील चुकले असं त्या म्हणतात. वडील गेले, बुडाले असं म्हणत नाहीत. हिशेब त्या करत नाहीत. तो ज्याचा आहे त्याच्याकडे सोपवतात.

ख्रिस्ती मंडळींत या बाबतीत आजही एकमत नाही. काही पंथ काटेकोर आहेत. पण माझी मुलगी ज्या चर्चच्या शाळेत जाते त्या कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, नोव्हेंबर १९६४ मध्ये, स्पष्ट म्हटलं आहे की ज्यांना स्वतःच्या काही दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही चिरंतन तारण मिळू शकतं. दहा वर्षांच्या मुलांना शिकवताना एवढं सगळं एका तासात बसत नाही, इतकंच.

मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्यांचं मराठी बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. पंडितांना नव्हे, तर साध्या बायाबापड्यांना वाचता यावं अशी त्याची भाषा. अनाथ म्हणून आलेल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले. पुराण सांगून पोट भरणाऱ्याची मुलगी शेवटी पुन्हा ग्रंथच सांगत होती. पण आता दक्षिणेसाठी नव्हे.

एका रविवारी मी मुलीला हे सगळं सांगितलं. दुष्काळ, डोक्यावरची तिरडी, विहिरीवरची बाई, एक्झिबिशन बिल्डिंग, बादली घेऊन धावलेली मुलगी. बादलीशी ती खूप हसली. आंधळ्या वडिलांशी आली तेव्हा गप्प झाली. मग आजीबद्दल सांगितलं. आजीचे सोमवार, आजीचा देव्हारा, आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंच्या मुलाला दहावीपर्यंत रोज संध्याकाळी शिकवणारी आजी. त्याचे पैसे घेतले नाहीत की कधी बोलूनही दाखवलं नाही.

"म्हणजे आजी पॉइंट्स मोजत नव्हती," मुलगी म्हणाली.

"नव्हती."

तिने जरा विचार केला. "मग ठीक आहे," म्हणाली, आणि झोपायला गेली.

मला तिच्याइतकं लगेच 'ठीक आहे' म्हणता येत नाही. पण डिसेंबरात पुण्याला जाऊ तेव्हा आप्पांना आणि तिला घेऊन दौंडची गाडी पकडायची, हे ठरलं आहे. आई दर वेळी ते स्टेशन खिडकीतूनच दाखवायची. या वेळी आम्ही केडगावला उतरणार आहोत.